पाह्यलं का आयकलं?

काका, तुमच्या फळ्यावरची शेवटची ओळ खोटी आहे.

हे मला तुम्हाला फोनवर सांगायचं होतं. तुम्ही आधी "अबे गज्या, बैला" म्हणाला असतात, मग खडू घेऊन ठेल्यावर गेला असतात आणि पाच मिनिटांत विषय संपला असता. आता तसं होणार नाही, म्हणून लिहितोय. कापसाच्या जिनिंग गिरणीच्या आवारातल्या खोलीत बसून, मोबाईलवर, एका बोटाने. आठवीत शाळा सुटलेल्या माणसाचं लिहिणं आहे, चुका होतील. चुकीचं काय करायचं ते तुम्हीच शिकवलं आहे, त्याच्यावर येतोच.

समुद्रपूरच्या बसस्टँडला लागून सुधाकरचा पानठेला, आणि ठेल्याच्या बाजूच्या भिंतीवर तुमचा फळा. तुम्हाला हे सांगायची गरज नाही, पण हे दुसरेही कोणी वाचतील आणि वाचणाऱ्याला अर्ध्यावर सोडायचं नाही हा तुमचाच नियम. एस.टी.त कंट्रोलर होतात तेव्हा तुम्ही गाड्यांच्या वेळा लिहायचात. तुम्ही रिटायर झालात, हात काही झाला नाही. रोज सकाळी आंघोळ करून, पांढरा शर्ट घालून, खिशात खडूचा तुकडा टाकून यायचात. वरती गाड्या: कोणती लेट, कोणती रद्द. त्याखाली गावचं: कोण गेलं, नळ कधी येणार, कापसाला काय भाव फुटला. आणि सगळ्यात खाली उजव्या कोपऱ्यात एक चौकट, तिच्यावर लिहिलेलं 'लांबची'.

प्रत्येक ओळीच्या शेवटी सांगणाऱ्याचं नाव आणि दोनपैकी एक शब्द. 'पाह्यलं' नाहीतर 'आयकलं'.

त्या शब्दांवरून लोकांनी तुमची किती टिंगल केली. एकदा पावसाळ्यात एक जण धावत आला, "काका, पुलावरून पाणी चाललं, लिवा लवकर."

"तू पाह्यलं?"

"कंडक्टर सांगून राह्यला ना."

तुम्ही लिहिलं, 'पुलावर पाणी – आयकलं.' तो चिडला. "तुमी बातमी देऊन राह्यले का कोर्टात साक्ष घेऊन राह्यले?"

"साक्षच हाय बाबू. फरक एवढाच, इथं खोटं बोलला तं जेल नाई होत. म्हणून जास्त जपा लागते."

हे मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. तेव्हा मी हिंगणघाटला जिनिंगमध्ये रोलर बदलायच्या कामावर जायचो. सकाळची गाडी कधी वेळेवर यायची नाही, आणि त्या उशिरात मी नीट वाचायला शिकलो. जोडाक्षर आलं की मी अडखळायचो. तुम्ही पाठ फिरवून लिहिता लिहिताच म्हणायचात, "मोठ्यानं वाच बे, अर्ध्या स्टँडले वाचता नाई येत, त्यायलेबी आयकू दे." मला वाटायचं मी त्यांच्यासाठी वाचतोय. पुष्कळ वर्षांनी कळलं की तुम्ही मला लाज न वाटू देता शिकवत होता. याचे आभार मी कधी मानले नाहीत. आपल्याकडे असे आभार मानत नाहीत, मानले की माणूस परका होतो. पण आता मानतो, काका. आता तुम्ही तसेही हातचे गेलात.

पासपोर्टचा फॉर्म तुम्हीच भरलात. इकडच्या एका जिनिंगने नागपूरकडच्या मशीन घेतल्या होत्या, त्यांना त्या मशीनचा फिटर पाहिजे होता. आफ्रिका म्हटल्यावर मायने हाय खाल्ली. तुम्ही वर्ध्याहून त्या खंडाचा नकाशा आणला, सुधाकरच्या ठेल्यात आतून चिकटवला आणि मायला बोलावून दाखवला. "हे पाय, हा देश नोहे, खंड हाय. पन्नासाच्या वर देश हायेत याच्यात. तुहा पोरगा या येवढ्याशा ठिपक्यावर जाऊन राह्यला." माय स्टँडसमोर भाजी विकते. ती म्हणाली, "ठिपका हाय तं दिसते कसा इतक्या लांबून?"

निघताना तुम्ही मला एकच अट घातली. रोज एक ओळ. "जास्त नको. तिथल्या लोकायचं काय चालू हाय, त्याची एक ओळ. एवढा मोठा खंड, अन् आपल्या टीव्हीले तीनच बातम्या ठाऊक: उपाशी पोट्टं, शिकारीतला सिंह अन् बंदूक."

खरं सांगू? या अटीचा मला वैताग आला होता. दिवसभर मशीनशी झटापट, अंगभर रुई, आणि संध्याकाळी तुमचा फोन. "काय बे, आज काय?" मी म्हणायचो, काका, मी फिटर आहे, मला काय माहीत. "डोये हायेत ना तुले?" मग मी काहीतरी पाठवायचो. मास्तरांचा संप आहे, पोरं शाळेच्या मैदानात दिवसभर फुटबॉल खेळतात. प्लॅस्टिक पिशवीला बंदी आहे, बाजारात मासे केळीच्या पानात बांधून देतात. तुम्ही ते लिहून त्याखाली आपल्या मनाने जोडलंत, 'बंदी आपल्याकडेही आहे – आयकलं.' रेडिओवर आठवडाभर भांडण चाललं होतं की मूल झालेल्या पोरीला पुन्हा शाळेत घ्यायचं की नाही. ती ओळ तुम्ही लिहिली त्या दिवशी बायांनी भाजीची टोपली खाली ठेवून फळा वाचला, असं माय सांगत होती. एकीने दुसरीला विचारलं, "मंग घेतलं का त्यायनं?" तुम्ही मला दुसऱ्या दिवशी फोन करून तेच विचारलं. मला माहीत नव्हतं. तुम्ही रागावलात. "अर्धवट बातमी आनतो अन् बायायले जीव टांगनीले लावतो."

आणि ती कापसाची ओळ. इथला कापूस गाठी बांधून बोटीत जातो, आणि परदेशातले वापरलेले जुने शर्ट गठ्ठ्याने परत येतात. कापूस पिकवणारा तेच विकत घेऊन घालतो. मी ते कंटाळून पाठवलं होतं. तुम्ही मला ते परत एकदा सांगायला लावलंत. मग म्हणालात, "गज्या, हे तू पाह्यलं. हे कोनी पेपरवाल्यानं नाई पाह्यलं." त्या दिवसापासून मी जरा डोळे उघडे ठेवून चालायला लागलो, हे मात्र कबूल करतो.

आपलं भांडण दोन गोष्टींवरून व्हायचं. पहिलं म्हणजे माय. इथून पार दुसऱ्या टोकाच्या देशात फौजेने सत्ता घेतली, तुम्ही ती बातमी चौकटीत लिहिली आणि संध्याकाळपर्यंत अर्धं गाव मायच्या दुकानावर. कोणी म्हणे पोराला बोलावून घे, कोणी नुसतंच हातात हात घेऊन बसलं. मी तुमच्यावर ओरडलो. इथली बातमीच लिहू नका म्हणालो. तुम्ही लिहिणं सोडलं नाही, पण त्या दिवसापासून प्रत्येक बातमीखाली अंतर लिहायला लागलात. 'गजूपासून इतकं लांब: समुद्रपूर ते काश्मीर, अन् तिथून परत.' माय आधी ते अंतर वाचायची, मग बातमी.

दुसरं भांडण नावाचं. तुम्हाला गावाचं नाव, देशाचं नाव, बोलणाऱ्या माणसाचं नाव पाहिजे. मला भीती. मालकाने सही घेतली आहे, जिनिंगबाहेर काही लिहायचं-बोलायचं नाही. परमिट त्याच्या हातात. "नावाशिवाय बातमी म्हंजे अफवा," तुम्ही म्हणायचात. मी म्हणायचो, तुम्हाला पेन्शन आहे, मला परमिट आहे. हे भांडण मिटलं नाही. या लेखातही मी देशाचं नाव लिहीत नाहीये, बघा. रागवा.

आता त्या ओळीचं.

इथे मतदान तोंडावर आलं होतं. गावात सभा, भोंगे, कधी या बाजूची पोरं पळतात, कधी त्या बाजूची. मतदानाच्या आधीचा मंगळवार. दुपारी बाजाराच्या दिशेने धूर दिसला. मालकाने आवाराचं गेट लावून घेतलं. आम्ही आत सहा-सात भारतीय कामगार, आणि आमच्या मोबाईलच्या ग्रुपवर एकामागून एक मेसेज: आपल्या माणसाचं दुकान जाळलं, लोक उठले, आता इकडेच येतायत, दिवे बंद ठेवा. मी काय पाहिलं? पत्र्याच्या वर काळा धूर. एवढंच.

तेवढ्यात तुमचा फोन. मी सांगितलं, इथले लोक आपल्या माणसांवर उठले आहेत, दुकान जाळलं.

तुम्ही विचारलं, "पाह्यलं का आयकलं?"

काका, त्या वेळी मला तुमचा इतका संताप आला. मी इथे मरतोय आणि म्हातारा साक्ष घेतोय. मला वाटलं होतं तुम्ही म्हणाल, पोरा, घाबरू नको. आणि तुम्ही तोच प्रश्न, पुलावरच्या पाण्याला विचारायचात तोच, त्याच आवाजात.

मी ओरडून म्हणालो, "पाह्यलं! माह्या डोयानं पाह्यलं!"

मग म्हणालात, "बरं. गेट लावून राह्यजो. बाहेर निंघू नको बेटा."

बेटा. त्याआधी कधी म्हणाला नव्हतात.

बुधवारी सकाळी इथलं नेट बंद झालं. निवडणूक होईपर्यंत बंद, असं सगळे म्हणत होते. साधा फोन लागायचा नाही, लागला तर एक 'हॅलो' होऊन तुटायचा. मेसेजशेजारची, पोचला नाही सांगणारी ती एकच टिक बघत आम्ही बसून असायचो.

गुरुवारी गेटवर मामा नीमा आली. मी आवारात राहायला येण्याआधी दोन वर्षं हिच्या घरी भाड्याने होतो. इकडे बाईला तिच्या लेकराच्या नावाने हाक मारतात. मामा नीमा म्हणजे नीमाची आई. सुरुवातीला मी मायला फोनवर सांगितलं की मामाच्या घरी जेवतो, तर माय म्हणाली, "कोनता मामा? आपला तं एकबी मामा वर्ध्याच्या पुढं गेला नाई." हा किस्सा तुम्हाला इतका आवडला होता की तुम्ही तो स्टँडवर चार जणांना ऐकवला. तर ती मामा नीमा. हातात मक्याच्या घट्ट पिठाचा गोळा आणि उसळ, झाकून आणलेली. आणि कोपरापासून मनगटापर्यंत हाताला फडकं बांधलेलं.

मी विचारलं, हाताला काय झालं. ती म्हणाली, भाजला. मंगळवारी त्या भारतीयाच्या दुकानात वायर जळाली, वरच्या माळ्यावर कापडाचे गठ्ठे होते, भडकलं. शेजारपाजारचे सगळे पाण्याचे पिवळे डबे घेऊन धावले. दुकानदार आणि त्याची म्हातारी आई आत अडकली होती, त्यांना काढलं. ते दोघं आता पलीकडच्या गल्लीत, ज्यांनी काढलं त्यांच्याच घरी आहेत.

"तुझ्या आईला कळवलंस का, तू बरा आहेस म्हणून?" तिने विचारलं.

मी तिच्या हातावरचं फडकं बघत राहिलो. ते मी पाहिलं, काका. माझ्या डोळ्यांनी. आणि दोन दिवसांपूर्वी ज्या लोकांबद्दल मी तुमच्याकडे साक्ष दिली होती, त्यांच्यातलीच ही.

मी त्याच क्षणी तुम्हाला फोन लावला. लागला नाही. शंभरदा लावला असेल. मनात पाठ करून ठेवलं होतं: काका, चूक झाली, लिहा, कालची चूक. तुमचा नियमच होता तो. चूक पुसायची नाही. पुसली तर ज्याने काल वाचली त्याच्या डोक्यात ती तशीच राहते. तिच्यावर एक आडवी रेघ मारायची आणि खाली लिहायचं, 'कालची चूक', आणि जे खरं ते. तुमच्या स्वतःच्या चुका तुम्ही किती वेळा तशा लिहिल्या. माझ्या लग्नाची खोटी बातमीसुद्धा, सुधाकरने उठवलेली.

सोमवारी दुपारी नेट आलं. मोबाईल हातात पिसाळल्यासारखा थरथरायला लागला. आठवड्याभराचे मेसेज एकदम. सगळ्यात वर, बुधवारी सकाळी तुम्ही पाठवलेला फळ्याचा फोटो. 'लांबची' चौकटीत, तुमच्या सरळ, उभ्या अक्षरात: 'गजू आहे त्या गावी लोक आपल्या माणसांवर उठले. दुकान जाळले. – पाह्यलं. गजानन.' खाली अंतर लिहायची जागा. तिथे तुम्ही काहीच लिहिलं नव्हतं.

त्याखाली गुरुवारचा तुमचा आवाज. मी तो आता पाठ म्हणू शकतो. "गज्या, फोन काऊन नाई लागून राह्यला? तुह्या मायले मी सांगितलं, पोराचा फोन आलता, पोरगा बरा हाय. खोटं सांगितलं. फळ्यावर नाई लिवलं ते, तोंडीच सांगितलं. मले कुठं ठाऊक तू बरा हायस का नाई. लवकर फोन कर, म्हंजे माह्यं खोटं खरं होईन."

आणि त्याखाली सुधाकरने टाकलेला तुमचा फोटो, हार घातलेला. शुक्रवारी पहाटे गेलात.

मी त्याच क्रमाने बघितलं, वरून खाली. फळा, आवाज, हार.

काका, हे मी कोणाला विचारलेलं नाही. काकू म्हणाल्या बी.पी. होतं, गोळ्या टाळत होते, डॉक्टर दोनदा बोलले होते. ते सगळं खरंच असेल. पण दोन दिवस तुम्ही फळ्यासमोर उभे राहून माझा फोन लावत होता, हे सुधाकरने सांगितलं. माझ्या एका खोट्या शब्दाची काळजी तुमच्या छातीत किती गेली, हे कोणता डॉक्टर सांगणार? मी विचारणारही नाही. मला उत्तर ऐकायचं नाही.

आणि आता ज्याने माझं डोकं फिरलं ते ऐका. तुमच्या लोकांनी तो फळा पुसला नाही. काकाचं शेवटचं अक्षर म्हणून सुधाकरने वर पारदर्शक प्लॅस्टिक ठोकलं, चौकटीला झेंडूचा हार घातला. लोक गाडीतून उतरतात, हात जोडतात, वाचतात. काय वाचतात? माझं खोटं. आयुष्यभर तुम्ही ज्या एका गोष्टीला जपलं, तिच्यावर माझ्या हाताने डाग पडला आणि गावाने त्या डागाला हार घातला. तुमच्या प्रेमापोटी. कोणावर चिडू मी?

मी सुधाकरला फोन केला. "भाऊ, ती ओळ खोटी हाय. रेघ मार तिच्यावर."

"अबे काकाचं शेवटचं अक्षर हाय. कशी रेघ मारू?"

"खोटं हाय म्हनून राह्यलो ना!"

"खोटं असो का खरं, अक्षर तं त्यायचंच हाय." मग हळूच म्हणाला, "अन् गजू, तू भेऊन बोलून राह्यला का? तिथल्या लोकायनं तुले दम देल्ला का? आमाले समजते बाबू. ते लोक तसेच."

ते लोक तसेच. पूर्वी ठेल्यावर असं कोणी म्हटलं तर तुम्ही पान थुंकून विचारायचात, "कोनते लोक? नाव सांग." आता विचारणारं कोणी नाही. मोबाईलवर तर कोणी काहीच विचारत नाही. तिथे सगळ्यांनीच सगळं पाहिलेलं असतं. जगभरच्या बातम्या गावात येतात, आणि एकीच्याही खाली दोनपैकी कोणताच शब्द नसतो.

मी दोन दिवस तसाच धुमसत होतो. मग मामा नीमाकडे गेलो. दुरुस्तीत तिचं नाव घालायचं होतं, आणि नाव विचारायचं तर कशासाठी ते सांगावं लागणार. सांगितलं. तुमच्याबद्दल सांगितलं, फळ्याबद्दल, आणि तिच्या लोकांवर मी काय आळ घेतला तेही. ती राजमा निवडत बसली होती. निवडणं थांबवलं नाही. खडे बाजूला टाकत म्हणाली, "निवडणूक आली की इथेही सांगतात, भारतीयांनी हे केलं, ते केलं. सांगणाऱ्याला मीही कधी विचारलं नाही, तू पाहिलंस का." मग म्हणाली, "नाव लिही. पण नीमाची आई लिहू नको. हात माझा भाजला. माझं नाव रेहेमा."

दोन वर्षं तिच्या हातचं खाल्लं मी. नाव विचारलं नव्हतं. तुम्ही पहिल्या दिवशी विचारलं असतं.

परवा मायला फोन केला. म्हटलं, माय, तू लिव.

"मी? बाप्पा! चौथी शिकली मी. माह्यं अक्षर म्हंजे कोंबडीचे पाय."

"मी सांगतो, तू लिव. काकूकडून खडू घेऊन ये."

काकूंनी तुमच्या शर्टाच्या खिशातलाच तुकडा दिला. माय भाजीचं खोकं पालथं घालून त्याच्यावर उभी राहिली. मोबाईल मी बोलत असतानाच खोक्याशेजारी ठेवलेला, मला सगळं ऐकू येत होतं. सुधाकर धावला. "मावशी, कायले? प्लॅस्टिक नका काढू, काकाचं अक्षर पुसन!"

"पुसत नाई मी. त्यायनं कधी चूक पुसली का? ते रेघ मारत जात. तू पान लाव, सुधाकर."

"पन लोक काय म्हंतीन?"

"लोक वाचतीन. फळा कायले असते?"

मग खडूचा आवाज. एक लांब, आडवा आवाज. त्यानंतर मी एकेक शब्द सांगत गेलो, आणि माय तो मोठ्याने म्हणत लिहीत गेली. जोडाक्षर आलं की अडखळायची. स्टँडवरचं कोणीतरी तिला सांगायचं, नाही ताई, अर्धा च. बराच वेळ लागला. मधे एक गाडी आली आणि गेली.

लिहून झाल्यावर तिने फोटो पाठवला. तुमची ओळ आहे, जशीच्या तशी, वर एक वाकडी रेघ. खाली मायची अक्षरं, तिरकी, चौकटीबाहेर आलेली:

'मागची चूक. दुकान कोणी जाळले नाही. वायर जळाली. आग गावच्या लोकांनी विझवली. रेहेमाबाईचा हात भाजला, तो मी पाह्यला. बाकी आयकलं. आधीचं पाह्यलं नव्हतं. खोटं बोललो. – गजानन.'

त्याच्या खाली गावाचं आणि देशाचं पूर्ण नाव आहे. फळ्यावर मी ते लिहायला लावलं, काका. इथे छापायला देत नाही, पण फळ्यावर आहे. ज्याला पाहिजे त्याने समुद्रपूरला उतरून वाचावं. त्याच्यापुढे अंतराची जागा तुम्ही रिकामी सोडली होती, ती मायने मला न विचारता भरली: 'तो तिथंच हाय. बरा हाय.'

तुमचं खोटं खरं झालं, काका. उशीर झाला फक्त.

फोटो मी मोठा करून पाहिला तेव्हा सगळ्यात खाली, फळ्याच्या लाकडी काठाला टेकून, आणखी एक ओळ दिसली. ती मी सांगितली नव्हती. जागा उरली नव्हती म्हणून बारीक अक्षरात लिहिलेली:

'काकासाठी गजू लई रडला. – आयकलं. त्याची माय.'